सहल आखताना भरती-ओहोटीही पाहा

महोदय,

युवक मंडळांच्या किनारी शहरातल्या एकदिवसीय सहलीत संग्रहालय, दीपगृह, बंदर यांच्या वेळा काटेकोर ठरतात. समुद्राची वेळ मात्र क्वचितच कुणी पाहते. भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त चढते. फोटोसाठी खडकांवर गेलेली मुले बघता बघता वेढली जातात. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झुंजू नये, आधी किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडावे, हे निघण्यापूर्वीच प्रत्येकाला सांगायला हवे. तरुणांनी समुद्र जरूर पाहावा, मनसोक्त पाहावा! पण आयोजकांनी आधी भरती-ओहोटीचे कोष्टक बघावे आणि बाकीची ठिकाणे त्यानुसार बसवावीत.

– एक वाचक