‘ड्रॅक्युला’ची खरी नायिका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार पुरवणीतील भयसाहित्यावरच्या लेखात ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’चा आवर्जून उल्लेख झाला, याचा आनंद वाटला, मात्र त्या कादंबरीचे सारे यश काउंट ड्रॅक्युला या रक्तपिपासू पिशाच्चाच्या पदरात टाकलेले मला पटले नाही. १८९७ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांना चित्रपटांतूनच ठाऊक असते, त्यामुळे हा समज पक्का झाला असावा. मूळ पुस्तकात त्याच्या किल्ल्यातली पहिली चार प्रकरणे संपली की काउंट क्वचितच समोर येतो, आणि येतो तेव्हा भर दिवसाही लंडनच्या रस्त्यावर दिसतो.

त्याला पकडतात ते कागद, आणि ते कागद मीना हार्करचे आहेत. सारी कादंबरी रोजनिशा, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांची मिळून बनलेली आहे. शाळेत साहाय्यक शिक्षिका असलेली मीना नवऱ्याच्या वकिली कामात मदत व्हावी म्हणून लघुलेखन आणि टंकलेखन शिकते, रेल्वेची वेळापत्रके पाठ करते, काउंटच्या शोधातले एक सोबती डॉ. सेवर्ड यांची फोनोग्राफवर बोललेली रोजनिशी ऐकून उतरवून घेते, आणि टंकलेखन करताना तीन प्रती काढते. वागळे इस्टेटमधील एका कार्यालयात लघुलेखिका म्हणून नोकरी केल्यामुळे असेल, पण त्या तीन प्रतींपाशी मी थबकले. पुढे काउंट हस्तलिखिते आणि फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्या आगीत टाकतो, तेव्हा तिजोरीत ठेवलेली प्रत वाचते म्हणून सगळे वाचते. (आमच्याकडे कार्बन लावून काढलेली तिसरी प्रत इतकी फिकट येई की तिच्यावर कोणाचा जीव अवलंबून नव्हता, हे बरेच होते!)

या मुलीशी तिची माणसे कशी वागतात, हे पाहण्यासारखे आहे. काउंटविरुद्धच्या मोहिमेचे म्होरके प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग तिच्यापाशी पुरुषाची बुद्धी आणि स्त्रीचे हृदय असल्याचे सांगून तिची स्तुती करतात आणि त्याच दिवशी, तिच्या मनाला हे सोसणार नाही म्हणून, तिला मसलतीतून वगळतात. पुरुषमंडळी शत्रूचे घर तपासायला रात्री बाहेर पडतात, आणि काउंट नेमका तिच्यापर्यंत पोहोचतो. सकाळी ती फिकी, थकलेली दिसते, तर नवरा म्हणतो, दगदग झाली असेल. अंधारी तळघरे आणि लांडग्यांचे ओरडणे यांपेक्षा या काही पानांची भीती मला अधिक वाटते, कारण इथे घात होतो तो काळजीपोटी. स्टोकर यांना ही विसंगती पूर्ण उमगली होती की ती नकळत उतरली, याविषयी मी साशंक आहे.

कादंबरीत दोष आहेतच. व्हॅन हेल्सिंग यांची लांबलचक भाषणे कंटाळा आणतात. काउंटची शिकार झालेल्या लुसीला, मीनाच्या मैत्रिणीला, चार निरनिराळ्या पुरुषांचे रक्त दिले जाते तो भाग तर आज धडकी भरवतो. रक्तगटांचा शोधच मुळी कादंबरीनंतर, १९०१ च्या सुमारास लागला.

तरीही शेवटचा पाठलाग मीनाच्याच जोरावर उभा आहे. काउंटचा ठावठिकाणा कळावा म्हणून स्वतःवरच संमोहन करून घेण्याची युक्ती तिलाच सुचते. काउंट ज्या पेटीत लपून पळतो ती रस्त्याने, रेल्वेने की नदीने जाईल, याचा एकेक पर्याय तपासून ती एक टिपण तयार करते आणि नदीचा मार्ग अचूक ओळखते. एवढे होऊनही, सात वर्षांनंतरच्या समारोपात तिच्या मुलाच्या नावात गुंफली जातात ती फक्त त्या पुरुषमंडळींची नावे!

नव्या वाचकांच्या हाती संक्षिप्त आवृत्ती आल्यास मीनाचे ते टिपण तिच्यात शाबूत आहे का, एवढे त्यांनी आधी पाहून घ्यावे. ते गाळलेले असेल, तर मूळ पुस्तक मिळवूनच वाचावे.

आपली नम्र,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)