नाना, ही हदीस कुठली?

मा. संपादक,
स. न.

मोबाइलने मुलांचा दीन, म्हणजे धर्म, बिघडवला, घरात कुणी कुणाशी बोलत नाही, अशी तक्रार मुस्लिम घरांतून सर्रास ऐकू येते. मीही ती बरीच वर्षे केली. पण यंदा रमजानच्या तोंडावर मीच पकडला गेलो.

‘रमजानची खबर जो सर्वांत आधी देईल, त्याच्यावर जहन्नमची आग हराम’ हा संदेश मी पैगंबरांचे वचन, म्हणजे हदीस, समजून डोळे झाकून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली ‘सुभानअल्लाह’ची रांग लागली आणि मधेच, पलीकडच्याच खोलीतून, नातीचा प्रश्न: ‘नाना, ही हदीस कुठली?’ मला राग आला. चारचौघांत आजोबांना असे विचारतात? हाक मारली, तर म्हणाली, ‘आधी सनद बघायची, हे तुम्हीच शिकवलंत.’

शिकवले होते खरे. कुणी कुणाकडून ऐकले, ती माणसांची साखळी म्हणजे सनद. ती पारखण्यात हदीसचे संग्राहक इमाम बुखारींनी आयुष्य घातले. बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी खातरजमा करा, ही कुराणातल्या सूरह हुजुरातची सहावी आयत मला तोंडपाठ आहे. अंगठ्याला तेवढी ठाऊक नव्हती!

नातीने संदेशावरचे दोन बाण दाखवले. खूपदा फिरलेल्या मजकुराची ती खूण. असा मजकूर एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सअॅपने २०२० मध्ये घातली. मी मात्र चिकाटीने एकेक करून चार ग्रुपांवर पाठवला होता.

मग आम्ही हदीसचे संग्रह धुंडाळले. ते वाक्य कुठेच नाही. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर बसलो ते रात्रीच्या इशाची अजान होईपर्यंत. ती ज्यांची प्रवचने ऐकते त्यांतले एक मला पटले, दुसरे नुसते ओरडणारे निघाले. तसे मी म्हणालो, तर तिने वादही घातला. तजवीद, म्हणजे कुराणपठणातले शुद्ध उच्चार, मात्र ती व्हिडिओ पाहून माझ्यापेक्षा चांगली शिकली आहे. तिचा ‘ऐन’ हा अरबी वर्ण घशातून येतो, माझा या वयातही येत नाही.

चारही ग्रुपांवर मी माफी मागितली. मेहुण्यांनी त्या माफीला अंगठ्याचे चित्र चिकटवले आणि दुसऱ्या दिवशी तोच संदेश गुलाबांसह परत धाडला. ‘ही हदीस कुठली?’ असे मी विचारले आहे. अजून उत्तर नाही.

आपला,
एक आजोबा