सही नको, निदान खुर्ची तरी घ्या

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,
स. न. वि. वि.

सीटीबीटीवर, म्हणजे अणुचाचण्यांवर सर्वंकष बंदी घालणाऱ्या करारावर, सही करा असे सांगायला हे पत्र नाही. १९९६ साली जिनिव्हात भारताच्या राजदूत अरुंधती घोष यांनी तो करार धुडकावला, त्यामागची कारणे मला आजही पटतात. माझे मागणे लहान आहे. व्हिएन्नातल्या सीटीबीटीओमध्ये, म्हणजे या करारासाठी जगभर चाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेत, भारताने निरीक्षक म्हणून बसावे.

१२ फेब्रुवारी २०१३ रोजी उत्तर कोरियाने डोंगराच्या पोटात स्फोट केला. भूकंपमापकांनी तो लगेच टिपला. पण स्फोट अणूचा की साध्या दारूगोळ्याचा, हे जमिनीच्या हादऱ्यावरून सिद्ध होत नाही. ते हवेतून कळते. स्फोटात तयार होणारा किरणोत्सारी झेनॉन वायू कशाशीच संयोग पावत नाही, त्यामुळे खडकाच्या भेगांतून तो हळूहळू वर झिरपतो. सीटीबीटीओच्या जपानमधल्या ताकासाकी केंद्राला तो सापडला, सुमारे हजार किलोमीटरवर आणि तब्बल ५५ दिवसांनी! त्यातला झेनॉन-१३३ हा प्रकार दर सव्वापाच दिवसांनी निम्मा होतो. म्हणजे तोवर हजारातला एक हिस्साही उरला नव्हता. त्याचे आणि झेनॉन-१३१एम या सावकाश विरणाऱ्या दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण ताडून शास्त्रज्ञांनी माग फेब्रुवारीपर्यंत नेला. २००९च्या चाचणीत मात्र झेनॉनचा मागमूसही लागला नव्हता. डोंगराने तोंड घट्ट मिटले की यंत्रे काय करणार?

यात एक मेख आहे. रुग्णालयांत टेक्निशियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरून होणाऱ्या स्कॅनसाठी मॉलिब्डेनम बनवणारे कारखानेही हाच झेनॉन सोडतात, अणुभट्ट्याही थोडाफार सोडतात. म्हणून आपल्या भागातली रोजची पातळी ठाऊक नसेल, तर उद्या वाढलेला आकडा कुणाच्या माथी मारायचा? शेजारी पाकिस्तान आणि चीन असताना हा प्रश्न पुस्तकी नाही.

कर्नाटकातल्या गौरीबिदनूरला भाभा अणुसंशोधन केंद्राची भूकंपमापके १९६०च्या दशकापासून जमिनीला कान लावून आहेत. जमिनीबाबत आपण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलो नाही, मग हवेबाबत का बसावे? निरीक्षक झालो म्हणून तिथली सगळी आकडेवारी पदरात पडेल असे नाही, त्यासाठी घासाघीस करावी लागेल. पण घासाघीस करायलाही आत असावे लागते. पाकिस्ताननेही सही केलेली नाही, तरी निरीक्षकाची खुर्ची त्याने केव्हाच घेतली.

हा प्रस्ताव मंत्रालयात विचाराधीन आहे का, आणि नसेल तर आडकाठी कशाची, एवढे येत्या अधिवेशनात सभागृहाला सांगावे, ही विनंती.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक,
जि. पालघर