गठ्ठा घरातून हलत नाही

आयोवा सिटी, २४ मे

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, ‘काम घरूनच करायचंय ना, मग आपल्या घरून कर की.’ मी काही सांगायच्या आत ते ‘बरं’ म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. ते ‘बरं’ दोन दिवस माझ्या डोक्यातून जाईना. फोनवर हे सगळं धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

काम आठ आठवड्यांचं आहे, जूनच्या सुरुवातीपासून जुलैअखेरपर्यंत. इथे अमेरिकेत परीक्षा तयार करणाऱ्या मोठ्या संस्था उन्हाळ्यात पीएच.डी.च्या काही विद्यार्थ्यांना संशोधनासाठी घेतात. पूर्वी त्यासाठी त्यांच्या गावी जाऊन राहावं लागायचं. २०२० च्या करोनाच्या उन्हाळ्यापासून काही ठिकाणी ते आपल्या खोलीत बसून करता येऊ लागलं. माझं तसंच आहे. ऑफिस दुसऱ्या राज्यात आणि मी इथे, खिडकीपाशी मांडलेल्या त्याच टेबलावर, जे तुम्ही व्हिडिओवर पाहिलंय.

परवा त्यांचा लॅपटॉप आला. त्यावरूनच त्यांच्या सर्व्हरवर जायचं, मुलांची उत्तरं तिथेच बघायची, हिशेब तिथेच करायचे. एक ओळसुद्धा स्वतःकडे उतरवून घ्यायची नाही. आणि लॅपटॉप देशाबाहेर न्यायचा नाही, असं करारात स्पष्ट लिहिलंय. आई, मी विचारून पाहिलं होतं गं. निदान तीन आठवडे तरी सांगोल्याहून काम करू द्या म्हटलं. नाही म्हणाले. शिवाय या कामासाठी विद्यापीठाने दिलेली परवानगीही इथे राहून काम करण्याचीच आहे.

बाबा, हे तुम्हाला मी काय समजावणार? दहावीच्या पेपरांचे गठ्ठे घरी आले की तुम्ही आतल्या खोलीला कडी लावायचात. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या तरी आधी पेपर ट्रंकेत जायचे, कुलूप लागायचं, मग दार उघडायचं. धाकट्या मामाच्या लग्नाला आम्ही सगळे अक्कलकोटला गेलो आणि तुम्ही एकटे मागे राहिलात. ‘गठ्ठा घरात आहे, घर सोडता येत नाही,’ एवढंच म्हणालात. आई, तू ते अजून विसरलेली नाहीस, मला माहीत आहे. मांडवात लोक तुलाच विचारत होते, ‘सर का नाही आले?’ मला तेव्हा बाबांचा राग आला होता. आज माझ्याही घरात गठ्ठा आहे.

आता मी नेमकं काय करणार ते सांगते. एक उदाहरण घेते, प्रत्यक्ष पेपरातलं नाही, ते मला सांगता येणार नाही. चौथीत असताना तुम्ही मला एका खासगी स्पर्धा परीक्षेला बसवलं होतं. त्यात सरकत्या जिन्याचं गणित होतं: जिना इतक्या वेगाने वर जातो, मुलगा त्यावर इतक्या पायऱ्या चढतो, तर वरती पोचायला किती वेळ? मला वाटलं, जिना सरकतो म्हणजे भिंतीपासून बाजूला होतो आणि मुलगा पडतो. वेळ-वेगाची गणितं मला तोंडी यायची, तुम्हीच करून घेतली होतीत. पण तो जिना मी जन्मात पाहिला नव्हता. कोरा सोडला प्रश्न. घरी येऊन रडले, तेव्हा तुम्ही पाटीवर जिन्याऐवजी नदी काढलीत, मुलाऐवजी होडी, आणि मी ते मिनिटभरात सोडवलं.

मी शोधणार आहे ते हेच. सारखीच तयारी असलेल्या मुलांमध्ये एखादा प्रश्न एका गटाला विनाकारण अवघड जातो का? करायचं असं, की एकूण गुणांप्रमाणे पेपरांचे गठ्ठे लावायचे. वीस गुणांचा एक, एकवीसचा एक, असे. मग प्रत्येक गठ्ठ्यात बघायचं: इंग्रजी घरी बोलणाऱ्या मुलांपैकी किती जणांना तो प्रश्न आला, आणि ज्यांची घरची भाषा वेगळी आहे त्यांच्यापैकी किती जणांना? एकूण गुण सारखे असूनही गठ्ठ्यामागून गठ्ठ्यात दुसरी मुलं त्याच प्रश्नावर मागे पडत असतील, तर तो प्रश्न गणिताबरोबर आणखी काहीतरी तपासतो आहे. मोजण्याची ही रीत मँटेल आणि हेन्झेल या दोघांनी १९५९ मध्ये मांडली, तीही आजारांच्या अभ्यासासाठी. परीक्षांच्या प्रश्नांना ती १९८८ मध्ये हॉलंड आणि थेयर यांनी लावली. आकडा फक्त बोट दाखवतो. प्रश्न ठेवायचा की काढायचा, हे शिक्षक आणि विषयाचे जाणकार एकत्र बसून ठरवतात. माझ्याकडे गणिताची शाब्दिक उदाहरणं आहेत. मला अर्ज भरतानाच तो जिना आठवला होता.

आणखी एक सांगायचंय. तुम्ही आधी सगळ्या पेपरांतला पहिला प्रश्न तपासायचात, मग सगळ्यांतला दुसरा. इतर सर एकेक पेपर पुरता करून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, तुमची पद्धत वेळखाऊ आहे. बाबा, इथे पहिल्याच सत्रात आम्हाला तीच पद्धत शिकवली. नाहीतर एका चांगल्या उत्तराची छाप पुढच्या उत्तरावर पडते. गठ्ठा संपला की सुरुवातीचे दहा पेपर तुम्ही पुन्हा काढायचात, हात सैल किंवा कडक झाला नाही ना हे बघायला. तेही इथे करतात, आधी गुण दिलेले पेपर परीक्षकांच्या नकळत मधे सरकवून. त्या तासाला मी वहीत काही लिहिलंच नाही. पलंगावर मांडी घालून बसलेले तुम्ही आणि समोर बेरीज ताडून बघणारी आई, एवढंच दिसत होतं.

मी राहते तेही परीक्षांचंच गाव आहे. एसीटी ही इथली कॉलेजप्रवेशाची परीक्षा १९५९ मध्ये इथूनच सुरू झाली. ती सुरू करणाऱ्यांपैकी लिंडक्विस्ट यांच्या नावाच्या इमारतीत आमचे वर्ग भरतात.

रोजची मीटिंग माझ्या सकाळी साडेनऊला, म्हणजे तुमच्या रात्री आठला. त्यामुळे मी तुमच्या संध्याकाळी सहाला फोन करेन, आई, तुझी दिवाबत्ती व्हायच्या आत. डिसेंबरात सत्र संपलं की महिनाभरासाठी येते. विद्यापीठाच्या सुट्टीत येईन, तेव्हा हा लॅपटॉप परत गेलेला असेल.

बाबा, एक काम आहे. शाळेच्या वार्षिक परीक्षेचे पेपर काढताना तुम्ही एक वही ठेवायचात, कुठल्या प्रश्नात मुलं शब्दाला अडली ते लिहून ठेवायला. निळ्या पुठ्ठ्याची, माळ्यावरच्या पेटीत असेल. स्वतः शिडीवर चढू नका, शेजारच्या संकेतला चढवा. तिची पानं त्याच्याकडून मोबाइलवर पाठवा. मला ती जूनच्या आधी वाचायची आहेत.

तुमची,
सई