मुकी तार आणि बोलती तार

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलेस, की अंबडच्या कारखान्यात तुमच्या टेस्टिंग बेमध्ये आता जी ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, पॅनेल्स येतात त्यांत करंट आणि व्होल्टेज मोजण्याजोगे लहान करून देणारी, रेझिनमध्ये ओतलेली ती जड सीटी-पीटी (करंट आणि पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर) नसतात, एका हातात उचलता येतील असे सेन्सर असतात; आणि वर हसत म्हणालास, “आई, तुझ्या वेळचं आता काही उरलं नाही.” ते मी मनाला लावून घेतलेले नाही. मात्र अठ्ठावीस वर्षे टेस्टिंग विभागात चाचणीचा करंट सोडणारे इंजेक्शन किट घेऊन उपकेंद्रे पालथी घातल्यावर, काय गेले आणि काय उरले याचा हिशेब मला तुझ्यापेक्षा थोडा बरा मांडता येईल, असे वाटल्यावरून हे पत्र लिहायला घेतले आहे.

जे गेले त्याचे मला दुःख नाही, हे आधी सांगते. सीटीची सेकंडरी, म्हणजे मोजणीच्या बाजूची गुंडाळी, चालू भारावर कधीही उघडी ठेवायची नाही, हा आमचा पहिला धडा होता. तरीही नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका उपकेंद्रात मी ते डोळ्यांनी पाहिले: पॅनेलमधून नेहमीपेक्षा वेगळी, जाडसर घरघर येत होती, बेकेलाइट जळल्याचा वास होता, आणि टर्मिनल ब्लॉकवर कोणीतरी घट्ट करायला विसरलेल्या एका लिंकपाशी निळसर ठिणगी नाचत होती. एक अँपिअरच्या त्या बारीक तारेच्या टोकाला अशा वेळी काही हजार व्होल्ट उभे राहू शकतात. तुझ्या त्या हलक्या सेन्सरातल्या रोगोव्स्की कॉइलला हा रोग नाही. तिच्या पोटात लोखंड नाही, म्हणून ती सॅच्युरेट होत नाही, म्हणजे मोठ्या करंटला चुंबकत्वाने भरून अडत नाही, आणि उघडी राहिली तरी कोणाला मारत नाही. वाल्टर रोगोव्स्कीने स्टाइनहाउसबरोबर ही कॉइल १९१२ सालीच मांडली होती. पण तिचा दुबळा सिग्नल वापरू शकणारा रिले, म्हणजे फॉल्ट (बिघाड) ओळखून ब्रेकरला वीज तोडायला सांगणारा पहारेकरी, यायला बरीच दशके जावी लागली. ८० अँपिअरला १५० मिलिव्होल्ट देणारा सेन्सर घेतलास, तर २५ किलोअँपिअरच्या फॉल्टलाही तो साधारण ४७ व्होल्टच देईल आणि तेही सरळ रेषेत. आमच्याकडे फीडरचा, म्हणजे बाहेर वीज नेणाऱ्या लाइनचा, भार वाढला की ४००/१ ची सीटी काढून नवी बसवण्यासाठी शटडाउन मागत फिरावे लागे. तुम्हाला रिलेत एक आकडा बदलावा लागतो.

पण तो आकडाच आता सीटीच्या जागी बसला आहे, हे विसरू नकोस. प्रत्येक सेन्सरच्या नेमप्लेटवर त्याचा स्वतःचा सुधारणा-गुणक छापलेला असतो, एकाच्या जवळपासचा, आणि तो त्याच फेजच्या खात्यात भरावा लागतो. जोडणी करताना आर आणि वाय फेजच्या सेन्सरांची अदलाबदल झाली आणि सेटिंग फाइल मात्र जुनीच राहिली, तर काहीही जळत नाही, वास येत नाही, घरघर होत नाही. फक्त मोजमाप जरासे खोटे होते आणि तीन फेजच्या बेरजेत प्रत्यक्षात नसलेला, जमिनीत जाणारा (अर्थ) करंट दिसू लागतो. म्हणून नेमप्लेट वाचताना कागदावरून नव्हे, पॅनेलमध्ये टॉर्च मारून वाचत जा. सेन्सरची केबल लांब पडते म्हणून कोणी कापायला निघाला तर त्याचा हात धर, कारण सेन्सरची अचूकता त्या केबलसकट ठरवलेली असते. आणि व्होल्टेज सेन्सर म्हणजे रोधांनी व्होल्टेज विभागणारा रेझिस्टिव्ह डिव्हायडर असेल, तर बसबारला (सगळ्या फीडरांना वीज देणाऱ्या पट्टीला) इन्सुलेशन मोजायचा मेगर मारल्यावर वाचन कमी आले म्हणून इन्सुलेशन खराब ठरवू नकोस. तो डिव्हायडर स्वतःचाच रोध तुला दाखवत असतो.

आता ज्यासाठी पत्र लिहिले ते सांगते. इनकमर (बसबारला वीज आणणारे पॅनेल) आणि आउटगोइंग (फीडरची पॅनेल्स) यांच्यातली ब्लॉकिंगची योजना तुला ठाऊकच आहे: फॉल्ट फीडरवर असेल तर फीडरचा रिले इनकमरला “तू थांब, मी बघतो” असे कळवतो, आणि असे कोणीच कळवले नाही तर फॉल्ट बसबारवरच आहे असे समजून इनकमर पटकन उघडून वीज तोडतो. आमच्या काळात हे कळवणे म्हणजे पॅनेलमागून पॅनेलमध्ये ओवलेली तांब्याची एक तार. एका पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी साधा केबल फॉल्ट झाला आणि एक फीडर जाण्याऐवजी अख्खे गाव अंधारात गेले. रिलेची सेटिंग्ज बरोबर, ब्रेकर बरोबर, बॅटरी बरोबर. तीन दिवस आम्ही ड्रॉइंग घेऊन एकेक टर्मिनल तपासत होतो. शेवटी शेवटच्या पॅनेलच्या तळाशी, केबल ट्रेंचच्या तोंडाशी, उंदराने कुरतडलेली ती ब्लॉकिंगची तार सापडली. ती केव्हा तुटली होती हे आजतागायत कोणाला सांगता आलेले नाही. दोन दिवसांपूर्वी असेल, दोन वर्षांपूर्वीही असेल. तांब्याची तार मुकी असते. ती धड आहे की तुटली, हे ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी कळते.

उपकेंद्रांतल्या संपर्काच्या आयईसी ६१८५० या मानकातला गूज संदेश, म्हणजे एका रिलेने नेटवर्कवरून दुसऱ्या रिलेंना पाठवलेला निरोप, मला मनापासून आवडला तो याच कारणाने. वेगाचे कौतुक तुम्ही मुले करता. सर्वांत तातडीच्या ट्रिपसाठी ३ मिलिसेकंदांत संदेश पोचावा ही अट मोठीच आहे. पण मला भावते ती गोष्ट वेगळी: काहीही घडलेले नसतानाही पाठवणारा रिले ठरावीक अंतराने “मी आहे, सगळे ठीक आहे” असे बोलत राहतो. काही घडले की लगेच बोलतो, तेच पुन्हा पुन्हा भराभर सांगतो, आणि मग हळूहळू आपल्या जुन्या लयीवर येतो. प्रत्येक संदेशात तो किती वेळ ग्राह्य धरायचा हेही लिहिलेले असते. तेवढ्या वेळात पुढचा आला नाही, तर ऐकणारा रिले अलार्म देतो. उंदराने फायबर कुरतडली, तर त्याच मिनिटाला कळेल. मात्र अलार्म आल्यावर इनकमरने काय करायचे, ब्लॉक झाले असे धरायचे की नाही झाले असे, हे कोणीतरी माणसाने आधी ठरवून लिहिलेले असावे लागते. तुमच्या ड्रॉइंगमध्ये ते कुठे लिहिले आहे, हे विचारत जा.

माझी एकच काळजी आहे. आम्ही चाचणीसाठी ट्रिपची, म्हणजे ब्रेकरला उघडायचा आदेश नेणारी, लिंक काढली, की ती उघडी लिंक दारातून दिसे आणि तिच्यावर लाल पट्टी बांधलेली असे. संध्याकाळी दमून निघतानाही नजर तिच्यावर पडेच. तुमच्याकडे लिंक नाही, रिलेचा टेस्ट मोड आहे. एक रिले टेस्टमध्येच राहिला, तर त्याच्या संदेशावर चाचणीची खूण असते आणि दुसरा, नेहमीच्या मोडमधला रिले त्यावर हालचाल करत नाही. तसेच करणे योग्यही आहे. पण मग खऱ्या फॉल्टच्या वेळीही तो दुसरा रिले हालचाल करणार नाही.

तापमानाच्या सेन्सरांबद्दल एवढेच सांगते, की नुसत्या अंशांवर भरवसा ठेवू नकोस. चांदीचा मुलामा असलेल्या बोल्टच्या जोडाला हवेत ११५ अंशांपर्यंत मुभा असली, तरी तिन्ही फेजवर भार सारखा असताना एकच जोड इतर दोघांपेक्षा गरम राहत असेल, तर तो ७० अंशांवरही ढिलाच आहे.

आणि दूरसंपर्काविषयी. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये घुसखोरांनी दुरूनच तीसेक उपकेंद्रांतले ब्रेकर उघडले, तेव्हा सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. नियंत्रण कक्षातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता. काही तासांत वीज परत आली ती माणसांनी उपकेंद्रांत जाऊन ब्रेकर हाताने पुन्हा जोडले म्हणून. तेव्हा पॅनेलच्या दारावरची लोकल-रिमोटची किल्ली आणि ब्रेकरची स्प्रिंग चार्ज करायचा दांडा तपासताना “हे आता कोण वापरतो” असे म्हणून पुढे जाऊ नकोस.

दिवाळीला येशीलच. त्याआधी एक काम कर: उद्या बेमध्ये गेल्यावर एखाद्या पॅनेलचा रिले टेस्ट मोडमध्ये टाक, दार लाव आणि चार पावले मागे उभा राहून बघ, की काही न उघडता, काही न दाबता ते बाहेरून समजते का. काय दिसले ते कळव.

तुझी,
आई