यादी विचारली नाहीत, त्याबद्दल

ताई,

अमेरिकेतल्या रेसिडेन्सीचा (डॉक्टरांच्या हॉस्पिटलमधल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचा) निकाल लागला, पेढे वाटून झाले, अभिनंदनाचे फोनही आता ओसरले. बाकी सगळ्यांचे आभार व्हॉट्सअ‍ॅपवर मानले. तुमचे तसे दोन ओळींत मानवेनात, म्हणून हे पत्र. आणि मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण पुढच्या वर्षी मिरजेची, अकोल्याची किंवा नांदेडची कुणी मुलगी रँक लिस्टचं, म्हणजे पसंतीक्रमाच्या यादीचं, रिकामं पान उघडून बसलेली असेल. तुमच्यासारखी माणसं या वाटेवर आहेत, हे तिला कळायला हवं.

लोकांना वाटतं परीक्षा दिल्या, इंटरव्ह्यू झाले, की संपलं. खरी घालमेल त्यानंतर सुरू होते. जिथे इंटरव्ह्यू झाले ते हॉस्पिटलांचे प्रशिक्षणाचे प्रोग्राम आपल्या पसंतीने एकाखाली एक लावायचे. हॉस्पिटलंही त्यांची यादी लावणार. मग संगणक दोन्ही याद्या जुळवतो, यालाच मॅच म्हणतात, आणि मार्चमध्ये जी एक जागा हाती येईल ती बांधील. नको म्हणायची सोय नाही. परदेशात शिकलेल्या आणि अमेरिकेचे नागरिक नसलेल्या डॉक्टरांपैकी गेली काही वर्षं ६० टक्क्यांहून कमी जणांनाच जागा मिळते. उरलेल्यांत गेल्या वर्षी मी होते. निकालाच्या आठवड्यातली सोमवारची ती ‘मॅच झालेला नाही’ अशी ई-मेल ज्याने वाचलीय त्यालाच पुढच्या वर्षी यादी लावताना बोटं का थरथरतात ते समजेल.

या काळात मदत करतो म्हणणारे कमी नव्हते. एका सल्लागार कंपनीने यादी लावून देण्याचे वेगळे पैसे घेतले आणि सांगितलं, ‘युनिव्हर्सिटी प्रोग्राम खाली ढकला, जिथे नक्की मिळेल ते वर ठेवा, रिस्क नको.’ ओळखीच्या एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ज्यांच्याकडून गोड ई-मेल आली त्यांना वर घे. काही सीनियर्सनी मेसेज वाचले, निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. एका हॉस्पिटलमधून तर थेट विचारणा झाली, ‘आम्ही तुमचे पहिले का?’ असं विचारणं मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेच्या नियमात बसत नाही हे तेव्हा मला माहीत होतं, तरी ‘हो’ म्हणायचं दडपण आलंच. अडलेल्या माणसाची गरज ओळखून त्यावर आपला हिशेब मांडायचा, याचा मला आजही राग येतो.

तुम्हाला मी फक्त आपल्या कॉलेजची ज्युनियर म्हणून मेसेज केला होता. रात्रपाळी संपवून तुम्ही पार्किंगमधूनच व्हिडिओ फोन लावलात. ‘थांब, आधी गाडीचा हीटर लावते,’ म्हणालात. मी मॅडम म्हणाले तर ‘कॉलेज संपलं ना आता? ताई म्हण.’ अंगावर अजून स्क्रब्ज, गळ्यात बॅज, डोळे लाल. तुमच्याच प्रोग्राममध्ये माझा इंटरव्ह्यू झाला होता, हे तुम्ही पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलंत आणि लगेच तिथली दुखणीही सांगितलीत: आयसीयूत रात्री फेलो (रेसिडेन्सीनंतर पुढचं शिकणारा सीनियर डॉक्टर) नसतो, एच-वन (नोकरीचा व्हिसा) मिळत नाही, कार्डिओलॉजीची फेलोशिप, म्हणजे हृदयविकाराचं पुढचं शिक्षण, तिथल्या तिथे नाही. स्वतःच्या हॉस्पिटलबद्दल इतकं सरळ कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

त्या सल्लागार कंपनीचं गणित तुम्ही पाच मिनिटांत मोडलंत. संगणक उमेदवाराच्या पहिल्या नावापासून सुरुवात करतो, तिथे जमलं नाही तरच दुसऱ्याकडे जातो, आणि अवघड प्रोग्राम वर ठेवल्याने खालच्यावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. १९९८ पासून मॅच अशीच उमेदवाराच्या बाजूने चालते, ती पद्धत बसवणाऱ्या अ‍ॅल्विन रॉथना २०१२ मध्ये लॉइड शॅपलींसोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हेही तुम्हीच सांगितलंत. ‘म्हणजे चलाखी करायची गरजच नाही. जे मनात आहे ते लिही.’

पण मनात काय आहे हेच तर कळत नव्हतं. तुम्ही क्रम सुचवला नाहीत, प्रश्न विचारलेत. दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट रात्री अडला तर कुणाला फोन करतो? मागच्या बॅचमधून कुणी मध्येच सोडून गेलं का? फक्त रेसिडेंट्स होते त्या ऑनलाइन सेशनमध्ये ते मोकळे बोलत होते का? हा प्रश्न ऐकला आणि मला एकदम आठवलं: ज्या नावाजलेल्या हॉस्पिटलवर घरच्यांचा जीव जडला होता, तिथे मी ‘शेवटची सुट्टी कधी घेतली?’ विचारल्यावर तिथल्या रेसिडेंट मुलाने आधी स्क्रीनवरच्या चीफ रेसिडेंटच्या चौकटीकडे पाहिलं आणि मग उत्तर दिलं. व्हिसाचंही तसंच. सगळे एच-वन देणाऱ्यांच्या मागे. तुम्ही विचारलंत, ‘शिकून परत यायचंय का तुला?’ आई मिरजेत एकटी आहे, परत यायचंच आहे. मग जे-वन या दुसऱ्या व्हिसावर शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या अटीला मी घाबरावं तरी कशाला? त्या एका प्रश्नाने माझी अर्धी यादी वरची खाली झाली.

एका इंटरव्ह्यूत मला लग्नाचं, मुलाबाळांचं विचारलं होतं. ते नाव काढून टाकू का, असं विचारल्यावर तुम्ही बराच वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात, ‘आणखी एक वर्ष घरी बसण्यापेक्षा तिथे तीन वर्षं काढणं तुला बरं वाटेल का, एवढंच बघ. ते माझ्याने ठरवता येणार नाही.’

हे सगळं मोठंच. तरी मला सगळ्यांत जास्त लागून राहिलंय ते फोन ठेवतानाचं तुमचं वाक्य. ‘आमचा प्रोग्राम कितव्या नंबरवर ठेवलास ते मला सांगू नकोस. आत्ता नाही, मॅच झाल्यावरही नाही. आज बोललो म्हणून माझं काही देणं लागत नाहीस.’ नियम तर होताच, पण तुम्ही ते नियमासाठी म्हणाला नव्हतात, आवाजावरून कळत होतं. माझी भीड तुम्ही माझ्याआधी ओळखलीत आणि तिच्यातून मला सोडवलंत. दुसऱ्या दिवशी यादी लावताना तुमच्या हॉस्पिटलचं नाव इतर नावांसारखंच मोकळेपणाने वर-खाली करून पाहता आलं. यादी द्यायची अमेरिकेत रात्री नऊची मुदत, आपल्याकडे सकाळचे साडेसात. मी आदल्या संध्याकाळीच यादी सर्टिफाय, म्हणजे पक्की, केली आणि त्या रात्री झोपले.

चांगुलपणा म्हणजे वेळ देणं, ओळखी लावणं असंच मी समजत होते. मदत करून आपला वाटा न ठेवणं हे त्याहून अवघड आहे, आणि या क्षेत्रात, जिथे प्रत्येक शिफारसपत्रामागे कुणाची तरी मर्जी असते, तिथे ते फार दुर्मीळ आहे. रात्रभर पेशंट बघून आलेल्या माणसाला ते सुचतं याचं मला अजून नवल वाटतं.

मी कुठे लागले ते तुम्हाला कळलंच आहे. तो प्रोग्राम यादीत कितवा होता, तुमचा कितवा होता, हे तुमच्या शब्दाप्रमाणे मी इथेही लिहीत नाही. मॅचच्या शुक्रवारी रात्री साडेनऊला निकाल उघडला तेव्हा तुमचा मेसेज आला, ‘जेवलीस का?’ इतकाच. आईला दाखवला. ती म्हणाली, ‘मला या बाईंना भेटायचंय.’

जूनमध्ये येतेय, एक जुलैपासून इंटर्न, म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट. तुमच्या गावापासून मी बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असेन. आई सांगलीची हळद आणि तासगावचे बेदाणे बांधून देणार आहे, ते मात्र नाही म्हणू नका. रिकामा रविवार कधी आहे ते कळवा.

तुमची,
मिरजेची ज्युनियर