पुन्हा वर जाणारा वैमानिक नापास नसतो

संपादक महोदय,

शिकाऊ विमान उतरताना धावपट्टीवरून घसरलं की दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी येते: वैमानिक थोडक्यात बचावला, विमानाचं नुकसान, चौकशी सुरू. ते का घसरलं, हे पुढे कुठेच वाचायला मिळत नाही. माझी मुलगी वैमानिक होण्याचं शिक्षण घेते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेसना १७२ सारखं छोटं विमान ताशी साधारण १२० किलोमीटर वेगाने धावपट्टीवर येतं. वेग जास्त राहिला की चाकं टेकताच ते उसळतं. खरा घात होतो तो इथे. घाबरलेलं पोर विमान खाली दाबायला जातं, मागच्या दोन चाकांआधी पुढचं चाक आपटतं, त्याचा दांडा मोडतो आणि पंखा जमिनीवर घासतो. सुट्टीत घरी आली तेव्हा मुलीने ताटाशेजारी तळहात तिरका धरून मला हे दाखवलं. "बाबा, उसळलं की दाबायचं नाही. पूर्ण पॉवर द्यायची आणि वर निघायचं." याला गो-अराउंड म्हणतात.

उपाय ठाऊक असतो, तरी तो होत नाही. वेग-उंची नीट जुळलेली नसताना उतरू पाहणाऱ्या प्रवासी विमानांपैकी जेमतेम ३ टक्केच पुन्हा वर जातात, असं विमान सुरक्षेवर काम करणाऱ्या फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेचा अभ्यास सांगतो. तिथे मुरलेले वैमानिक असतात! मग नवख्या मुलांचं काय? व्यावसायिक परवान्याला उड्डाणाचे २०० तास लागतात आणि पैसे तासावर मोजले जातात. आमच्या भागात कुणी रान विकून, कुणी घर गहाण टाकून ही फी भरलेली असते. जादा फेरीचा खर्च आणि "तुला एवढंही जमलं नाही?" हा शेरा, दोन्ही त्या पोराच्या डोक्यात असतात.

आपल्याकडच्या उन्हाने हे आणखी अवघड होतं. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे २ हजार फुटांवर आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण ५ हजार फुटांच्याही वर असल्यासारखं वाटतं. इंजिनाची ताकद घटते, विमान रडतखडत चढतं. म्हणजे वर जायचा निर्णय आणखी लवकर घ्यायला हवा, आणि तो घेताना मुलाला कुणाची भीती वाटता कामा नये.

म्हणून प्रशिक्षण संस्थांना विनंती आहे: गो-अराउंड करणाऱ्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या, त्या फेरीचे पैसे लावू नका आणि उन्हाळ्यात नवख्यांचे एकट्याचे सराव सकाळीच उरका. पालकांनीही फोनवर "किती तास झाले?" एवढंच विचारत बसू नये.

आणि आपल्याला विनंती, की अशा अपघाताचा चौकशी अहवाल जाहीर झाला की त्यातली कारणंही छापावीत, पहिली बातमी जिथे छापली होती त्याच पानावर.

आपला,
एका शिकाऊ वैमानिक मुलीचा पिता, लातूर